हळदीचा पत्ता: केमिस्ट्रीतला जुना पेपर सापडतो तरी कसा?

(या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेले 'म्हणजे, म्हणजे' कमी केलेत. बाकी मजकूर तोच.)



आजचा विषय माझ्या मामेबहिणीने दिलाय, तिच्या नकळत. ती मराठवाड्यातल्या एका विद्यापीठात केमिस्ट्रीत पीएचडी करते. गेल्या दिवाळीत मामाकडे गेलो होतो. फराळ झाला, गप्पा झाल्या, पण ही गप्पच. रात्री गच्चीवर आल्यावर म्हणाली, "दादा, माझे सात महिने पाण्यात गेले."

झालं असं. हळदीत जे पिवळं द्रव्य असतं, कर्क्युमिन, त्याच्या जातकुळीतली संयुगं ती बनवते. त्यातलं एक तिला एकदम नवं वाटलं. इंटरनेटवर नावाने शोधलं, काही नाही. रेणूचं चित्र काढून फुकटच्या डेटाबेसमध्ये शोधलं, तिथेही नाही. गाइड खूश. पेपर लिहायला घेतला, शीर्षकात 'नवीन संयुग' असा शब्दही आला. मग एक दिवस दुसऱ्याच पुस्तकासाठी ती विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेली. तिथले ग्रंथपाल सर निवृत्तीला आलेले. त्यांनी सहज विचारलं, काय चाललंय? तिने संयुगाचं नाव सांगितलं. सर म्हणाले, "नाव राहू दे. कार्बन किती, हायड्रोजन किती, ऑक्सिजन किती, ते सांग."

जिन्यामागच्या रॅकवर तपकिरी बांधणीचे जाडजूड जर्मन खंड होते. सरांनी एक काढला, मग दुसरा. चाळीस मिनिटांत त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. तेच संयुग, शंभरहून अधिक वर्षांपूर्वी कुणीतरी बनवलेलं. वितळणबिंदूसुद्धा दिलेला. हिच्या वहीतल्या आकड्यात आणि त्यात एका अंशाचा फरक.

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. तिला धीर द्यायचा सोडून माझ्या डोक्यात पहिला प्रश्न हा आला की जे सर्च इंजिनला सापडलं नाही, ते सरांना चाळीस मिनिटांत कसं सापडलं? त्या प्रश्नाच्या मागे लागलो आणि हा भाग तयार झाला.

एक वस्तू, दहा नावं

आपल्या हळदीचंच उदाहरण शेवटपर्यंत धरून ठेवू.

१८१५ साली फोगेल आणि पेल्तिए या दोघांनी हळदीतून पिवळं द्रव्य वेगळं काढलं आणि त्याला कर्क्युमिन म्हटलं. आत अणू कसे जोडलेत हे कुणालाच माहीत नव्हतं. ते कळायला १९१० उजाडलं. मिलोबेन्झ्का, कोस्तानेत्स्की आणि लाम्पे या तीन पोलिश संशोधकांनी त्याची रचना जर्मन केमिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये छापली. १९१३ मध्ये लाम्पे आणि मिलोबेन्झ्का यांनी ते प्रयोगशाळेत बनवूनही दाखवलं.

आज याच द्रव्याला खाद्यपदार्थांच्या पाकिटावर 'ई १००' म्हणतात. रंगवाले 'नॅचरल यलो ३' म्हणतात. कुठे 'डायफेरुलॉइलमिथेन' लिहिलेलं दिसतं. आणि नियमानुसार नाव लिहायचं तर दोन ओळी लागतात, त्यात आकडे, कंस आणि 'हायड्रॉक्सी-मेथॉक्सी-फिनाइल' असं सगळं येतं. वस्तू एकच, डब्यातली हळद.

एकोणिसाव्या शतकात तर याहून गोंधळ होता. अणूंची वजनं काय धरायची यावरच एकमत नव्हतं, त्यामुळे सूत्रंही माणसागणिक बदलायची. १८६० मध्ये कार्ल्सरुह इथे युरोपभरचे रसायनशास्त्रज्ञ हे निस्तरायला जमले होते. पुढच्याच वर्षी केकुलेने आपल्या पाठ्यपुस्तकात एकट्या ॲसेटिक ॲसिडची, म्हणजे आपल्या व्हिनेगरमधल्या आम्लाची, तेव्हा वापरात असलेली १९ वेगवेगळी सूत्रं छापली. नावांचे आंतरराष्ट्रीय नियम ठरवायला १८९२ मध्ये जिनिव्हात परिषद भरली. नियम झाले, पण आधी छापून गेलेल्या कागदांवरची नावं कोण बदलणार?

म्हणजे बघा, केमिस्ट्रीतला पेपर हरवतो तो बहुतेकदा जळून किंवा फाटून नाही. तो शेल्फवर नीट बसलेला असतो, फक्त आपण ज्या नावाने हाक मारतो ते त्याचं नाव नसतं. गेली दोनशे वर्षं माणसं हाच प्रश्न सोडवतायत की प्रत्येक पदार्थाला एकच एक पत्ता कसा द्यायचा.

सेंट पीटर्सबर्गमधल्या टिपणवह्या

फ्रीडरिश कोनराड बाइलश्टाइन. जन्म १८३८, सेंट पीटर्सबर्ग. घरचे जर्मन, नोकरी रशियात. तिथल्या टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये १८६६ मध्ये तो प्राध्यापक झाला, आणि ती जागा त्याच्याआधी मेंडेलीवकडे होती. तोच, आवर्तसारणीवाला. एकाने मूलद्रव्यं लावली, दुसऱ्याने संयुगं.

बाइलश्टाइन सेंद्रिय संयुगांवर छापून आलेलं सगळं वाचून टिपणं काढायचा. संयुग कुठून मिळतं, कसं बनतं, वितळतं कधी, कशात विरघळतं, आणि हे सगळं कुठल्या जर्नलच्या कुठल्या पानावर आहे. या टिपणांतून १८८१ ते १८८३ दरम्यान दोन खंडांचा ग्रंथ निघाला, दोन हजारांवर पानांचा. दुसरी आवृत्ती तीन खंडांची. तिसरी चार खंडांची. मग त्याच्या लक्षात आलं असावं की हे एका माणसाचं काम राहिलेलं नाही. पुढचं काम जर्मन केमिकल सोसायटीकडे गेलं. १९०६ मध्ये बाइलश्टाइन वारला, पण ग्रंथाचं नाव तेच राहिलं. आजही जुने प्राध्यापक 'बाइलश्टाइन बघितलंस का?' असंच विचारतात, माणसाबद्दल नाही, खंडांबद्दल.

१९१८ पासून निघालेली चौथी आवृत्ती ही खरी गंमत आहे. इंजिनिअर मंडळींनी कान द्यावा. मुख्य भाग २७ खंडांचा. त्यात संयुगं नावाच्या अकारविल्हे लावलेली नाहीत. रचनेवरून लावलीत. कार्बनची साखळी उघडी असेल तर खंड १ ते ४. नुसत्या कार्बनचं कडं असेल तर ५ ते १६. कड्यात ऑक्सिजन, नायट्रोजन असं दुसरं काही असेल तर १७ ते २७. त्याच्या आत आणखी वर्ग, सगळे मिळून ४,७२० क्रमांक. एखाद्या संयुगात दोन-तीन वैशिष्ट्यं असली तर यादीत जे सर्वांत शेवटी येतं त्याच्या जागी ते ठेवायचं.

कर्क्युमिनमध्ये कार्बनची कडी आहेत, त्यांच्यावर हायड्रॉक्सी गट आहेत, मधल्या साखळीत कीटो गट आहेत. नियम लावत गेलं की आपण आठव्या खंडात पोचतो. म्हणजे वस्तूच तिचा पत्ता सांगते. आपण कोडमध्ये हॅश फंक्शन लिहितो ना, की इनपुट द्या आणि कुठल्या कप्प्यात बघायचं ते कळेल? हे तेच, पण १९१८ मध्ये आणि कागदावर.

आणि चौथ्या आवृत्तीच्या पुरवण्या निघत गेल्या. मुख्य ग्रंथात १९०९ पर्यंतचं साहित्य, पहिल्या पुरवणीत १९१० ते १९१९, दुसरीत १९२० ते १९२९, असं. पण प्रत्येक पुरवणीत खंडांची रचना तीच. मुख्य ग्रंथात जे आठव्या खंडात, त्याची पुढची माहिती पुरवणीच्याही आठव्या खंडात. एकदा पत्ता कळला की पन्नास वर्षांचा माग काढता येतो.

हे नियम पाठ नसतील तर? त्याचीही सोय होती. २८ वा खंड नावांची सूची, २९ वा सूत्रांची. मामेबहिणीचे सर थेट २९ व्याकडे गेले होते. नाव बदलतं, भाषा बदलते, पण त्या संयुगात कार्बनचे अणू किती हे बदलत नाही.

आणखी एक गोष्ट तिने फोटो काढून दाखवली. काही खंडांवर प्रकाशकाचं गाव बर्लिन नव्हतं, ॲन आर्बर, मिशिगन होतं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीहून पुस्तकं येणं बंद झालं आणि अमेरिकन शास्त्रज्ञांचं बाइलश्टाइनवाचून अडायला लागलं. तेव्हा शत्रुराष्ट्रांच्या मालमत्तेचा ताबा असलेल्या अमेरिकन सरकारी कार्यालयाने परवाना दिला आणि एडवर्ड्स ब्रदर्स नावाच्या छापखान्याने पानांचे फोटो घेऊन आख्खा संच पुन्हा छापला. युद्ध चालू असताना शत्रूची सूची छापून घ्यायची वेळ आली, यावरून तिची गरज किती होती ते समजा.

कोलंबस गावातले गोषवारे

बाइलश्टाइनची एक अडचण होती. नीट तपासून, लावून छापायचं म्हणजे वेळ लागणार. पुरवणी हातात येईपर्यंत कित्येक वर्षं जायची. मग या महिन्यात काय नवीन आलं ते कसं कळणार?

त्यासाठी गोषवाऱ्यांची जर्नल्स असायची. जगभरचे पेपर वाचायचे आणि प्रत्येकाचं सार चार ओळींत द्यायचं. यातलं सर्वांत जुनं १८३० मध्ये लाइपझिगला सुरू झालं, पुढे 'केमिशेस त्सेंट्रालब्लाट' नावाने ओळखलं गेलं आणि १९६९ पर्यंत चाललं. १९०७ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीने आपलं 'केमिकल ॲबस्ट्रॅक्ट्स' काढलं. पहिल्या वर्षी जवळपास १२,००० गोषवारे. १९०९ पासून कचेरी ओहायो राज्यातल्या कोलंबस गावात, तिथल्या विद्यापीठाच्या आसऱ्याने. इव्हान क्रेन नावाचे गृहस्थ १९१५ ते १९५८ संपादक होते. त्रेचाळीस वर्षं एकच काम!

हे गोषवारे लिहायचं कोण? स्वयंसेवक. जगभरातले हजारो रसायनशास्त्रज्ञ, ज्याला जी भाषा येते त्या भाषेतले पेपर वाचून, नाममात्र मोबदल्यात. दिवसा प्रयोगशाळा, रात्री गोषवारे. ही स्वयंसेवकांची पद्धत १९९४ पर्यंत टिकली.

पण गोषवारे म्हणजे ढीग. ढिगातून शोधायला सूची लागते, आणि खरी मेहनत तिथेच होती. लेखकांची सूची, विषयांची सूची, पेटंटची सूची, आणि १९२० पासून सूत्रांची. सूत्रं लावायची पद्धत एडविन हिल या अमेरिकन पेटंट ऑफिसमधल्या माणसाने १९०० मध्ये सुचवलेली. आधी कार्बन, मग हायड्रोजन, मग बाकीची मूलद्रव्यं इंग्रजी अक्षरक्रमाने. एवढंच. पण सगळ्यांनी तीच पद्धत पाळली म्हणून २१ कार्बन, २० हायड्रोजन, ६ ऑक्सिजन हे सूत्र कुठल्याही वर्षाच्या सूचीत एकाच जागी शोधता येतं. ते आपलं कर्क्युमिन.

अर्थात त्या एका सूत्राखाली भावकी असते. तेच अणू वेगळ्या तऱ्हेने जोडले की वेगळा पदार्थ. सूत्र तुम्हाला गल्लीपर्यंत नेतं, घराचा दरवाजा आपणच शोधायचा.

घराला नंबर कसा दिला

१९६० च्या दशकात कोलंबसच्या मंडळींसमोर संगणक आला आणि त्याबरोबर एक भारी प्रश्न. तोच पदार्थ वेगवेगळ्या पेपरांत वेगवेगळ्या नावाने येतोय. हा आपल्याकडे आधीच नोंदलेला आहे का, हे मशीनला कसं कळावं? मशीनला रेणू म्हणजे नुसती यादी, हा अणू त्या अणूला जोडलेला आहे, अशी. पण यादीत कुठल्या अणूला १ म्हणायचं आणि कुठल्याला २? मी वेगळे क्रमांक दिले आणि तुम्ही वेगळे, तर एकाच रेणूच्या दोन याद्या होणार.

याचं उत्तर हॅरी मॉर्गन यांनी १९६५ मध्ये छापलं. कल्पना अशी. एक गाव घ्या, घरांना नंबर नाहीत. प्रत्येक घराला किती वाटा येतात ते मोजा आणि दारावर लिहा. आता प्रत्येक घराने शेजाऱ्यांच्या दारावरचे आकडे मिळवून आपला नवीन आकडा करायचा. पुन्हा तसंच. पुन्हा तसंच. दोन-चार फेऱ्यांत बाजारपेठेतल्या घरांचे आकडे फुगतात, वेशीवरच्यांचे लहान राहतात, आणि आधी सारखी वाटणारी घरं वेगळी पडायला लागतात. फेऱ्या मारून वेगळेपणा वाढेनासा झाला की थांबायचं, सर्वांत मोठ्या आकड्यापासून नंबर घालायला सुरुवात करायची, आणि कुठे बरोबरी उरली तर ती ठरलेल्या नियमांनी सोडवायची. मग गावाचा नकाशा कुणीही काढो, नंबर तेच येणार.

मी कॉलेजात ग्राफ शिकलो तेव्हा हे कुणी सांगितलं नव्हतं. आजही औषधांवर मशीन लर्निंग करणारी मंडळी ज्या 'मॉर्गन फिंगरप्रिंट' वापरतात ना, ते नाव याच मॉर्गनचं.

त्याच वर्षी, १९६५ मध्ये, नोंदवही सुरू झाली. प्रत्येक पदार्थाला एक क्रमांक, सीएएस नंबर. पाण्याचा ७७३२-१८-५. कर्क्युमिनचा ४५८-३७-७. या आकड्याला स्वतःचा काही अर्थ नाही, नोंद झाली तेव्हा जो रिकामा होता तो मिळाला. आपल्या भाषेत निव्वळ प्रायमरी की. पण शेवटचा अंक मात्र तपासणीचा आहे. करून बघा. कर्क्युमिनचे शेवटचा सोडून उरलेले अंक उजवीकडून घ्या: ७, ३, ८, ५, ४. त्यांना क्रमाने १, २, ३, ४, ५ ने गुणा आणि बेरीज करा. ७ अधिक ६ अधिक २४ अधिक २० अधिक २०, झाले ७७. शेवटचा अंक ७. जुळला! टाइप करताना अंक चुकला तर बहुतेकदा इथेच पकडला जातो.

आज त्या नोंदवहीत २० कोटींहून जास्त पदार्थ आहेत. छापील खंड मात्र संपले. बाइलश्टाइनची छपाई १९९८ मध्ये थांबली, केमिकल ॲबस्ट्रॅक्ट्सची २०१० पासून बंद. दोन्ही आता स्क्रीनवर, सायफाइंडर आणि रिॲक्सिस या नावांनी, आणि ज्यांची संस्था वर्गणी भरते त्यांनाच. मामेबहिणीच्या विद्यापीठात दोन्ही नव्हते. पण जिन्यामागचे खंड होते.

पुढे शोधणं

आतापर्यंतच्या सगळ्या सूच्या तुम्हाला मागे नेतात, जुन्याकडे. पण हातात १९१० चा पेपर आहे आणि त्यानंतर तो कुणी वापरला हे बघायचंय, तर? यूजीन गारफिल्ड नावाच्या माणसाने १९५५ मध्ये 'सायन्स'मध्ये ही कल्पना मांडली. पेपराखाली दिलेल्या संदर्भांचीच सूची करायची, म्हणजे कुणी कुणाचा उल्लेख केला ते उलट दिशेने शोधता येईल. ही युक्ती त्याने वकिलांच्या पुस्तकांवरून उचलली. जुन्या निकालाचा पुढे कुठल्या खटल्यात आधार घेतला गेला, याच्या सूच्या वकील आधीपासून वापरत होते. १९६० च्या दशकात त्यातून सायन्स सायटेशन इंडेक्स निघाला. गारफिल्ड मूळचा केमिस्ट्रीचाच, आणि त्याची पीएचडी कशावर, तर रसायनाच्या नावावरून मशीनने सूत्र कसं काढावं यावर. पुढे गूगलच्या संस्थापकांनी पानांना क्रम देण्याबद्दल जो निबंध लिहिला त्यातही गारफिल्डचं नाव आहे.

पोस्टकार्डं, फोटोकॉपी आणि हळदीचा खटला

आता आपल्याकडे या. सूचीत पेपरचा पत्ता मिळाला, पण ते जर्नल आपल्या ग्रंथालयात नाही. मग काय करायचे लोक? एक, पोस्टकार्ड. 'आपल्या अमुक लेखाची प्रत पाठवावी' असं छापलेलं कार्ड असायचं, नाव-पान भरायचं आणि थेट लेखकाला पाठवायचं. महिना-दोन महिन्यांनी पाकीट आलं तर आलं. दुसरं, इन्सडॉक. १९५२ मध्ये युनेस्कोच्या मदतीने दिल्लीत ही संस्था उभी राहिली. तिच्याकडे मागणी नोंदवली की पेपरची प्रत मिळायची, जर्मन-रशियन असेल तर भाषांतरही करून मिळायचं.

या तुटपुंज्या साधनांतही काय होऊ शकतं याचं उदाहरण मुंबईत आहे. माटुंग्याच्या यूडीसीटीचे, म्हणजे आताच्या आयसीटीचे, संचालक प्रा. के. वेंकटरामन यांनी १९५२ मध्ये कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्रावर दोन खंडांचा ग्रंथ काढला. जर्मन पेटंटं, जुनी जर्नल्स, युद्धानंतर जर्मन रंग-कारखान्यांतून दोस्तराष्ट्रांच्या पथकांनी काढलेले अहवाल, हे सगळं खोदून. रंगांच्या क्षेत्रात तो जगभर वापरला गेला. पुढे हेच वेंकटरामन पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे, एनसीएलचे, पहिले भारतीय संचालक झाले.

आणि आता खटला. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत एका विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. आपल्या आजीला विचारलं तर ती हसली असती, पण पेटंट ऑफिसला आजी चालत नाही, छापील कागद लागतो. त्याच वर्षी एनसीएलचे संचालक डॉ. रघुनाथ माशेलकर सीएसआयआरचे महासंचालक झाले होते. सीएसआयआरने १९९६ मध्ये पेटंटला आव्हान दिलं. शोधून शोधून ३२ संदर्भ गोळा केले, काही शंभर वर्षांहून जुने, संस्कृत, उर्दू, हिंदीतले. त्यात १९५३ चा भारतीय वैद्यकीय संघटनेच्या जर्नलमधला एक पेपरही होता. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं.

आपण ही गोष्ट देशाभिमानाने सांगतो, आणि सांगावीच. पण मला त्यातला दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो. ज्ञान आपल्याकडे होतंच. जिंकता आलं ते कागद शोधता आला म्हणून. ते ३२ कागद कुठल्यातरी शेल्फवर कुणीतरी सांभाळून ठेवले होते आणि कुणालातरी ते काढता आले.

आता, तुमच्यासाठी

आज चित्र पुष्कळ बदललंय. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मंजूर केलं, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० जर्नल्स, ६,३०० हून जास्त सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांना, १ जानेवारी २०२५ पासून. मोठी गोष्ट आहे. माझ्या मामेबहिणीला जे पेपर मागायला पूर्वी मैत्रिणींना मेसेज करावे लागायचे, ते आता थेट उघडतात. पण वाचायला मिळणं आणि सापडणं या दोन वेगळ्या गोष्टी. दार उघडं आहे, पत्ता मात्र अजूनही आपल्यालाच काढायचाय.

तेव्हा तिच्या अनुभवातून निघालेली ही यादी, कुठल्याही छोट्या कॉलेजातल्या मुला-मुलींसाठी.

एक, फक्त नावाने शोधू नका. सूत्राने शोधा, सीएएस नंबरने शोधा, जुन्या नावांनी शोधा. २००४ पासून पबकेम फुकट आहे, तिथे एका पदार्थाची सगळी टोपणनावं एका पानावर मिळतात. ती घेऊन पुन्हा सर्चला बसा.

दोन, 'इंचीकी' वापरा. रेणूच्या रचनेवरून बनवलेला २७ खुणांचा हॅश आहे तो. रचना दिली की कुणाच्याही कॉम्प्युटरवर तोच येतो, आणि साध्या सर्च इंजिनमध्ये टाकता येतो.

तीन, चित्र दोन तऱ्हांनी काढता येत असेल तर दोन्ही काढा. कर्क्युमिनच्या जातीत मधला हायड्रोजन जागा बदलतो, एक कीटो रूप आणि एक इनॉल रूप. बाटलीत एकच पदार्थ, पण डेटाबेसमध्ये कधीकधी दोन नोंदी. मामेबहिणीने एकच रूप काढून शोधलं होतं.

चार, एक जुना पेपर मिळाला की त्याला पुढे कुणी वापरलं ते बघा. गूगल स्कॉलरवर त्यासाठी एक क्लिक पुरतो.

आणि पाच, ग्रंथपालांना विचारा. मी हे उपचार म्हणून सांगत नाहीये. केमिस्ट्रीवाल्यांत एक जुना विनोद आहे की ग्रंथालयातले दोन तास वाचवायचे असतील तर प्रयोगशाळेत दोन महिने घालवा. हिने सात घालवले.

शेवटी काय झालं

ते सात महिने पूर्ण वाया गेले नाहीत. जुन्या वितळणबिंदूशी तिचा आकडा जुळला, म्हणजे तिची पद्धत बरोबर आहे हे कळलं. तिने पेपरमधलं 'नवीन' काढून टाकलं, जुना संदर्भ दिला आणि त्याच पद्धतीने पुढची दोन संयुगं केली. ती खरोखर नवीन आहेत. यावेळी सूत्रसूचीतून खात्री करून घेतली.

सर मात्र निवृत्त झाले. जिन्यामागची जागा आता स्पर्धा परीक्षावाल्या मुलांच्या अभ्यासिकेला दिलीय. त्यांनाही जागा हवीच, त्याबद्दल तक्रार नाही. खंड तळघरात गेलेत, गठ्ठे बांधून. निवृत्तीच्या आधी सरांनी तिला एक दुपार बसवून २९ वा खंड कसा बघायचा ते शिकवलं. ती म्हणते, त्या विद्यापीठात आता हे येणारी बहुतेक ती एकटीच. मी विचारलं, "मग?" म्हणाली, "ज्युनियर दोघींना शिकवतेय, दादा. गठ्ठ्यावर नंबर घालून ठेवलेत."

तुमच्या कॉलेजात असे खंड असतील, किंवा ते वापरणारं कुणी असेल, तर मला जरूर कळवा. एखादा भाग त्यांच्याशीच गप्पा मारून करू. तोवर, रद्दीत घालण्याआधी एकदा उघडून बघा.

भेटू पुढच्या भागात.